गोग्रास

"छायाताई, तुमच्याकडचं कोणी असेल ना ओळखीचं? अशा कामाला?" असं भामरे म्हणाले आणि गेटच्या आत, पार्किंगच्या पहिल्या खांबाला पाठ लावून पडलेल्या गाईकडे त्यांनी हनुवटीनं खूण केली. बोलण्यात वाकडं काही नव्हतं. प्रफुल्ल भामरे सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याचा टँकर कुठून मागवायचा, लिफ्टवाल्याला फोन कोण करणार, हे ज्या आवाजात ते विचारत त्याच आवाजात त्यांनी हेही विचारलं. भोवती चार-सहा बिऱ्हाडांतली माणसं उभी होती, त्यांतल्या कुणी चमकून पाहिलं नाही. छायाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसेल. तिनं गाईकडे पाहिलं. गाय अजून श्वास घेत होती. तिची डावी कूस फुगून पाठीच्या कण्याच्याही वर आली होती आणि प्रत्येक श्वासाला तोंडातून फेसाची एक तार फरशीवर उतरत होती. "अजून जिवंत आहे ती," छाया म्हणाली. "हो हो, ते आहेच," भामरे म्हणाले. "पण आज रविवार, त्यात सर्वपित्री. ऐनवेळी धावाधाव नको, म्हणून म्हटलं." छायानं स्कूटीच्या हँडलला अडकवलेली भाजीची पिशवी काढली आणि ती जिना चढू लागली. लिफ्ट खालीच उभी होती, हे पहिल्या मजल्यावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं.

तुमच्याकडचं. या शब्दाला किती अर्थ असू शकतात ते ती पायऱ्या चढता चढता बघत राहिली. तुमच्याकडचं म्हणजे अंबडकडचं, असं असेल. अंबडच्या एका कारखान्यात ती माल तपासायच्या विभागात होती. कारखान्यात क्रेन असते, जाड पट्टे असतात, जड वस्तू हलवणारी माणसं असतात, तेव्हा भामऱ्यांच्या मनात क्रेन आली असेल. किंवा तुमच्याकडचं म्हणजे नामपूरकडचं. भामरेही बागलाणातलेच, सटाण्याजवळचे. तिकडची माणसं शेतीतली, त्यांना जनावरांची सवय. असंही असेल. कारखान्यात एखादा तुकडा हातात आला आणि त्यात तडा आहे अशी शंका आली तर ती तो लगेच बाजूला टाकत नसे, तीन वेळा फिरवून दिव्याखाली धरत असे. तसाच तिनं तो शब्द फिरवून पाहिला. तडा प्रत्येक वेळी त्याच जागी दिसला. गंमत म्हणजे तिला राग येत नव्हता. कानशिलाजवळ थोडं गरम झालं होतं आणि पिशवीतल्या मेथीच्या जुडीचा वास फार जवळून येत होता, एवढंच.

ती इथं राहायला आली तेव्हा भामऱ्यांनीच तिला चाव्या दिल्या होत्या. "अहिरे म्हणजे कुठले अहिरे?" त्यांनी विचारलं होतं. "नामपूरकडचे." "अरे वा, म्हणजे आपल्याच बागलाणातले की!" अहिरे हे आडनाव तिकडे सगळ्यांत सापडतं. मराठ्यांत सापडतं, बौद्धांत सापडतं; नुसत्या आडनावावरून काही कळत नाही, आणि कळत नाही तोवर माणसं फार मोकळी असतात. भामऱ्यांनी त्या दिवशी तिचं कपाट वर चढवायला स्वतः हात लावला होता. पुढं दिवाळीत फराळाचं ताट घेऊन ते आणि त्यांची बायको घरी आले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, खाली बुद्धाची पांढरी मूर्ती. दोघांनी पाहिलं. चहा घेतला, चकली छान झाली की नाही ते विचारलं, नानांच्या पाया पडले. त्यानंतर काही बदललं असं म्हणता आलं नसतं. फक्त "छाया" होती ती "छायाताई" झाली आणि "आपलं बागलाण" पुन्हा कधी बोलण्यात आलं नाही. मानच वाढला होता म्हणायचा. तक्रार करायला जागा नव्हती. माणसं वाईट असली की बरं असतं, असं तिला तेव्हा वाटून गेलं होतं.

दुसऱ्या मजल्यावर लताबाईंच्या दाराशी अजून रांगोळी होती. दारातून वड्यांचा आणि कढीचा वास येत होता. सकाळी याच दारात लताबाईंनी तिला थांबवलं होतं. लताबाई विधवा, मुलगा परदेशात. कोविडमध्ये छाया तापानं पडली होती तेव्हा याच बाईनं दाराबाहेर डबा ठेवून बेल वाजवायची आणि आत पळायचं, असं कितीतरी दिवस केलं होतं. "छाया, खाली चाललीच आहेस तर एवढं गाईला देशील का गं? कावळ्याचं मी गच्चीवर ठेवते. गुडघ्यानं दोन्ही टोकं मला नाही व्हायची." पत्रावळीवर भात, वडा, खीर, पुरी, वर एक तुळशीचं पान. छायानं ती पत्रावळ घेतली. घेताना तिच्या मनात काहीच आलं नव्हतं. एका म्हाताऱ्या शेजारणीचं काम, तेवढंच. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, या प्रतिज्ञा नानांनी तिला पाढ्यांच्या आधी पाठ करून घेतल्या होत्या, आणि ती कधी त्या मोडायला गेली नव्हती. मोडायची वेळच येत नसे. पण हे तिचं श्राद्ध नव्हतं. नवरा लताबाईंचा, खीर लताबाईंची, पुण्य काही असेल तर तेही त्यांचंच. तिनं फक्त दोन मजले उतरून आणून दिलं. गाय गेटाशीच उभी होती. नाल्याकाठच्या गोठ्यातली ही तांबडी गाय रोज सकाळी कॉलनीत सोडलेली असे आणि दारोदार फिरून पोट भरत असे. छायानं पत्रावळ खाली ठेवायच्या आतच तिनं जीभ बाहेर काढली. ती खरखरीत, ओली, गरम जीभ छायाच्या मनगटावरून गेली. मग छायानं गाईच्या दोन शिंगांच्या मधोमध हात ठेवला, आणि तोच हात आपसूक तिच्या स्वतःच्या कपाळाकडे निघाला. तो गळ्याशी आला आणि थांबला. तिनं ओढणी नीट केल्यासारखं केलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. कुणाला दाखवायला ओढणी नीट केली, हे तिला अंबडपर्यंतच्या रस्त्यात कळलं नाही. सुट्टीचं जादा काम होतं. अर्धा दिवस ती दिव्याखाली तुकडे फिरवत राहिली आणि मनगट मधूनच खाजवत राहिली.

तो हात कुणाचा होता? आईचा असेल. तिची आई नवसाबाई. नवसानं झालेली म्हणून नवसाबाई. धर्म बदलला, नाव तेवढं राहिलं. आईनं गाईला कधी गोमाता म्हटलं नाही, हळदकुंकू लावलं नाही. ते सगळं तिनं नानांबरोबर सोडलं होतं आणि मनापासून सोडलं होतं. आरती कुणाच्या दारात चालली असली तर ती सरळ पुढं निघून जायची. पण रस्त्यात गाय बसलेली असली तर तिचं दावं ती कधी ओलांडायची नाही, वळसा घालायची. डोक्यावर हंडा असला तरी वळसा. एकदा छायानं विचारलं, तेव्हा म्हणाली, "जनावर शे. त्याचा बी मान ऱ्हास." नानांनी ते ऐकलं आणि ते भडकले. मान करता करता पूजा कधी होते ते माणसाला कळत नाही, म्हणाले. आई पुढंही वळसा घालतच राहिली. तेव्हा छाया नानांच्या बाजूची होती. शाळेत विज्ञान शिकत होती आणि आईचा वळसा तिला अडाणी वाटायचा. आता आई नव्हती, आणि मान म्हणजे काय, पूजा म्हणजे काय, या दोहोंमध्ये नक्की कुठं रेघ मारायची, ते विचारायला घरात फक्त एकच बाजू उरली होती.

ती बाजू बाल्कनीत खुर्ची टाकून बसली होती. नाना म्हणजे सावळीराम अहिरे, नामपूरच्या कांदा मार्केटात उभा जन्म हमाली केलेला माणूस. आता पाठीला बाक आला होता, पण आवाज अजून लिलावाच्या ओट्यावरचा होता. बाल्कनी गेटाच्या बरोबर वर. खालचं सगळं वर ऐकू येई.

"काय म्हने तो भामऱ्या?"

"काही नाही, नाना. गाय पडलीय."

"माले ऐकू उनं."

छायानं मेथी ओट्यावर ठेवली. नळ सोडला, बंद केला.

"मंग तू काय सांगं त्याले?"

"जिवंत आहे म्हटलं."

"हाऊ काय जवाब शे?" नाना हसले. हसताना त्यांनी खाली पाहिलं, तिच्याकडे नाही. "जित्ती शे तवलोंग त्यास्नी. मरनी का आपली."

हे वाक्य त्यांनी आजच जुळवलं नसावं, ते फार घोटलेलं होतं. नानांचे वडील नामपूरच्या अलीकडच्या एका लहानशा गावात महारकी करत. गावात कुणाचंही ढोर मेलं की निरोप यायचा आणि ते दोर घेऊन निघायचे. नाना आठ-नऊ वर्षांचे असताना बाबासाहेबांनी धम्म दिला, आणि त्याच हिवाळ्यात वस्तीनं ठराव केला की मेलेलं ढोर ओढायचं नाही. आजोबांनी दोर विहिरीत टाकला, असं नाना सांगत. मग गावानं वस्तीला शेतातलं काम देणं बंद केलं. एका घरापुढं एक बैल कितीतरी दिवस पडून राहिला, वस्तीकडे वास येत राहिला, पण वस्तीतून कुणी गेलं नाही. त्या वासाचं वर्णन नाना फार अभिमानानं करत. लहानपणी छायाला ती गोष्ट एखाद्या लढाईसारखी वाटायची, आणि लढाईच होती ती. नाना पुढं हमाल झाले, कांद्याच्या गोण्यांखाली त्यांची पाठ गेली. पण गोणी उचलीन, ढोर उचलणार नाही, असं ते म्हणत. त्यांचा धर्म कुणी विचारला असता तर त्यांनी पंचशील सांगितलं असतं. पण त्या सगळ्याच्या तळाशी हा एक नकार होता, आणि त्याच्यावर त्यांचं, आईचं, छायाचं, या दोन खोल्यांच्या फ्लॅटचं सगळं वजन उभं होतं.

छाया फोनवर जनावरांचे डॉक्टर शोधू लागली. का, ते तिनं स्वतःला विचारलं नाही. खाली एवढी माणसं होती, त्यांतल्या कुणी डॉक्टरला बोलावलं असेलच, असं वाटायला हवं होतं. पण कुणी बोलावलं नसणार, याची तिला खात्री होती. ती माणसं गाईला नमस्कार करत होती आणि गाडी शोधत होती. देवी आणि मढं यांच्या मध्ये जे काही धापा टाकत पडलं होतं तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या फोनला एका मुलीचा आवाज आला. पाथर्डी फाट्याजवळच आहे, येते, पण धरायला कुणीतरी लागेल, ती म्हणाली. छायानं बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

"खाले जाऊ नको," नाना म्हणाले.

"डॉक्टर येतेय."

"येऊ दे. धराले शेतस ना तितला लोक. त्यास्नी माय शे ती."

छाया दारात चपला घालत होती. तिला नानांचं म्हणणं पटत होतं. पटत असतानाच ती चपला घालत होती, हे तिला एखाद्या तिऱ्हाइतासारखं दिसत होतं. "नाना, ती जित्ती शे," ती म्हणाली. अहिराणी ती आता सहसा बोलत नसे. ते शब्द कुठून आले, कळलं नाही.

डॉक्टर निकिता वयानं लहान होती, जीन्सवर मळका एप्रन चढवलेला. तिनं गाईची कूस बोटांनी वाजवून पाहिली आणि वळून विचारलं, "आज काय काय खाल्लंय हिनं?" कुणीतरी पुरी म्हणालं. खीर, दुसरं कुणी म्हणालं. भात, वडे, कढीभात, गुळाची पोळी. पलीकडच्या दोन सोसायट्यांतही ती जाऊन आली होती, तिथलं वेगळं. "पण सगळ्यांनी थोडं थोडंच दिलं," लताबाई म्हणाल्या. "थोडं थोडंच," निकिता म्हणाली. ती रागावली नव्हती, नुसती म्हणाली. मग तिनं पिशवीतून नळी काढली. "डोकं धरा कुणीतरी. वर राहायला हवं, नाहीतर घुसमटेल." पुरुष एकमेकांकडे बघू लागले. एकाची पूजा व्हायची होती, एकाचं पान वाढलेलं होतं, एक जण सोवळ्यात होता. खोटं कुणीच बोलत नव्हतं. छाया फरशीवर मांडी घालून बसली आणि गाईचं डोकं तिनं मांडीवर घेतलं.

ते डोकं इतकं जड असेल याची तिला कल्पना नव्हती. शिंगाचं बूड पोटाला टोचत होतं. कानाच्या आतले केस पांढरे आणि मऊ होते. निकितानं नळी घातली, मग कुशीवर हात फिरवून जागा पाहिली आणि एक जाड सुई खुपसली. हवा फुसफुसत बाहेर आली. आंबलेल्या भाताचा, गुळाचा, दुधाचा वास सगळ्या पार्किंगमध्ये पसरला. माणसं मागं सरली. पण कूस म्हणावी तशी खाली बसली नाही, आत सगळा फेसच होता. छायाला वाटलं, या इमारतीचे सगळे पितर इथं एकत्र आंबलेत. लताबाईंचा नवरा, भामऱ्यांचे वडील, चौथ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी सासूबाई. आणि त्यांतल्या एकाला तर मीच पोचवलं, तुळशीच्या पानासकट. विचार थोडा विनोदी होता, तो येऊन गेला. गाईचा डोळा तिच्याकडे होता, पण तिला बघत नव्हता. त्या डोळ्यात गेट, ग्रिल, पांढरं आभाळ, हे सगळं बारीक होऊन दिसत होतं. ही गाय देवी असेल असं छायाला एक क्षणभरही वाटलं नाही. नुसतं जनावर आहे असंही वाटेना. आपल्या मांडीवर कुणीतरी आहे, एवढंच वाटत होतं. तिनं कानामागं खाजवलं. कान एकदा हलला. थोड्या वेळानं मांडीवरचं वजन एकाएकी वाढलं. निकितानं नळी ओढून काढली, हातमोजे काढले आणि मान हलवली.

लताबाई रामकुंडाच्या पाण्याची बाटली घेऊन पुढं आल्या. गुडघा दुखत असताना वाकल्या, गाईच्या ओठांवर दोन थेंब सोडले, खुराला हात लावून डोळ्यांना लावला. त्या रडत होत्या. खोटं रडणं कसं असतं ते छायाला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. "आईगं, आम्हीच मारलं तुला," त्या म्हणाल्या. छायानं ते ऐकलं. हे रडणं खरं नसतं तर मला किती सोपं गेलं असतं, असं तिला वाटलं. "छाया, ऊठ," लताबाई तिचा दंड धरत म्हणाल्या, "वर जाऊन आंघोळ कर हो. मीही करते." छाया उठली. मांडीला मुंग्या आल्या होत्या, सलवार फेसानं चिकट झाली होती.

भामरे फोनवर बोलत होते. मेलेली जनावरं नेणारी गाडी उन्हं कलता कलता येईल, पण गेटच्या कमानीखालून ती आत येत नाही. गाय बाहेर रस्त्यावर आणून द्यावी लागेल. फोन ठेवून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, आणि बघता बघता त्यांची नजर छायावर येऊन थांबली. बहुधा ती त्यांनी मुद्दाम आणली नव्हती. पाणी उताराकडे जातं तशी ती आली.

"भामरे साहेब," छाया म्हणाली, "असं काम करणारं माझ्या ओळखीत कुणी नाही. मघापासून आठवून पाहिलं. तुमच्या ओळखीत कुणी आहे का?"

"नाही हो... म्हणजे... ताई, तुम्ही मनाला लावून घेतलंत वाटतं. माझ्या तसं काही मनात नव्हतं."

"मला माहीत आहे."

"खरंच नव्हतं. शपथ."

"माहीत आहे ना," छाया म्हणाली. "मनात नव्हतंच ते."

भामऱ्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ते चष्मा पुसू लागले. बाकीची माणसं दुसरीकडे बघत होती. छायाला वाटलं होतं, हे बोलल्यावर छाती मोकळी होईल. तसं झालं नाही. समोर एक पन्नाशीचा माणूस चष्मा पुसत उभा होता आणि तिला त्याची दया येत होती, आणि दया आली याचा कंटाळाही येत होता. आंघोळ करून ती बाहेर आली तेव्हा नाना अजून बाल्कनीतच होते. त्यांनी जेवण केलं नव्हतं. "मरनी?" त्यांनी विचारलं. "हो." "तू भामऱ्याले सांगं ते ऐकं मी," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलं असावं, पण त्यांनी तसं म्हटलं नाही.

गाडी आली ती एकट्या ड्रायव्हरची. त्याचं नाव दत्तू, हे भामऱ्यांनी हाक मारल्यामुळं कळलं. "गाडीत घ्यायचं माझ्याकडं लागलं," तो खालून म्हणाला, "पट्टा हाय, मोटर हाय. पण मोटरपर्यंत तुम्ही आना साहेब. मी एकटा काय करनार?" मग बराच वेळ खाली नुसती कुजबूज चालली. छाया आत खुर्चीवर बसली होती. तिला बघायचं नव्हतं. नाना मात्र खुर्ची पुढं ओढून कठड्याला छाती लावून बसले होते. खाली कुणीतरी दोर आणला. कुणी ताडपत्री आणली. पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्याचा आवाज, "तिकडून धर," "अरे पायाला बांध," "थांबा थांबा," आणि मग एक लांब, घासटत जाणारा आवाज. नानांची पाठ तेवढी दिसत होती. ऐंशीला टेकलेला हा माणूस आयुष्यभर हे बघायची वाट पाहत होता का? ती माणसं, अशी दोर धरून? छायाला ते विचारावंसं वाटलं. पाठीवरून काही कळत नव्हतं. मग ती पाठ एकदम ताठ झाली. नाना कठडा धरून उभे राहिले.

"अहो!" ते ओरडले. "डोकं उचला ना तिचं! फरफटतंय ते! डोकं उचला!"

लिलावाच्या ओट्यावरचा तो आवाज सगळ्या गल्लीत गेला. घासटण्याचा आवाज थांबला. छाया बाल्कनीत आली तेव्हा खालची सगळी माणसं मान वर करून नानांकडे पाहत होती. मागचे पाय दोरानं बांधून गाय ओढली जात होती. अर्धं अंग ताडपत्रीवर, डोकं आणि एक शिंग खडीवर, आणि खडीवर एक ओली रेघ. भामऱ्यांनी नाकाला बांधलेला रुमाल सोडून खिशात घातला, ते मागं गेले, खाली बसले आणि त्यांनी गाईचं डोकं दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. "हां, आता ओढा," ते म्हणाले. आवाज घोगरा होता. ते वाकून, पावलापावलानं ताडपत्रीबरोबर सरकत गेले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर फेस लागला. गेटच्या बाहेर पोचेपर्यंत ओढणाऱ्यांनी तीनदा दम खाल्ला, दोघं कमरेवर हात ठेवून बाजूला झाले, त्यांच्या जागी दुसरे आले. मग मोटरचा आवाज आला आणि पट्ट्यांत बांधलेली गाय तिरकी होऊन वर गेली. लताबाईंनी हात जोडले. दत्तूनं फाळका लावला.

गाडी वळणापलीकडे गेली तरी नाना उभेच होते. छायानं त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. खाली कुणीतरी पाइप लावून फरशी धुऊ लागलं.

"चहा करू?" छायानं विचारलं.

नाना खाली, धुतल्या जाणाऱ्या फरशीकडे बघत होते.

"कितला लोक लागनात," ते म्हणाले.

"हो. जड असते."

"जड ऱ्हास." नानांचे ओठ हलत होते, जणू ते काहीतरी मोजून बघत होते आणि ते जमत नव्हतं. "माले ठाऊकच नव्हतं. आम्ही पोरं लांब ऱ्हावूत, वासमुळे. मना बाप आन् मनी माय, छाया. दोन्हीच जन वढेत."